'आपसात मिटवू' म्हणण्याआधी

या पानावर आपण बोंडअळी, खतांच्या मात्रा आणि पीकविमा यांविषयी नेहमी वाचता. आज मी रस्त्यावरच्या अपघाताविषयी लिहितो आहे. हा कृषी खात्याचा विषय नाही, असे कुणी म्हणेल. पण कापसाच्या एका हंगामात जे नुकसान होते, ते पुढच्या हंगामात थोडेफार भरून निघते. अपघाताच्या वेळी चुकीच्या कागदावर केलेली एक सही मात्र पिढीभर भरून निघत नाही. अशा एका कागदावर साक्षीदार म्हणून माझीच सही आहे. म्हणून हा लेख.

प्रकरण असे. सिंदी (रेल्वे) परिसरातल्या एका गावचा चार एकरांचा कास्तकार, वय ३८. डिसेंबरचा महिना. जिनिंगवर कापूस देऊन तो मोटरसायकलने घरी परत येत होता. समोरून येणाऱ्या पिकअप गाडीने वळणावर धडक दिली आणि त्याचा उजवा पाय गाडीखाली आला. पिकअपवाला शेजारच्याच गावचा, ओळखीचा. त्याने जखमीला स्वतःच उचलून दवाखान्यात नेले. माणुसकी दाखवली, हे खरेच. चौथ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक बसली. मी त्या दिवशी 'फरदड घेऊ नका' हे सांगायला गावात गेलो होतो. मंडळींनी मलाही बसवून घेतले.

"पोलिसात गेलं की कोर्टाच्या चकरा. दोघंही आपलेच हाय. आपसात मिटवू," असे ठरले. तीस हजार रुपये रोख देण्यात आले. 'यापुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही' असा मजकूर स्टॅम्प पेपरवर लिहिला गेला. "साहेब, तुमची सही असली म्हणजे कागदाले वजन येते," असे कुणीतरी म्हणाले. मी सही केली.

फेब्रुवारीत तो पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तीस हजार तर पहिल्या आठवड्यातच संपले होते. बैलजोडी विकली, सावकाराकडे हात पसरले. एप्रिलमध्ये त्याची बायको सातबारा घेऊन माझ्या कार्यालयात आली. "साहेब, शेतकरी अपघाताच्या योजनेतून काही भेटते का?" मी कागद मागितले. एफआयआर नाही, घटनास्थळाचा पंचनामा नाही, पिकअपचा विमा कोणत्या कंपनीचा तेही माहीत नाही. होता तो एकच कागद, ज्यावर माझी सही होती. ती बाई म्हणाली, "त्या कागदावर तुमची बी सही हाय नं? मग मले पैसे कोठून भेटतील ते तुमीच सांगा."

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे शिकलो, ते पुढे क्रमाने देतो.

मदत वेगळी, भरपाई वेगळी

आपल्या भागातले रस्ते आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. नागपूर-वर्धा रस्त्यावर जड वाहनांची वर्दळ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि तो आपल्या सेलू तालुक्यातून जातो. सिंदीचा तान्हा पोळा असो की कापसाचा हंगाम, दुचाकी, ट्रॅक्टर, बैलबंडी आणि ट्रक एकाच रस्त्यावर चालतात. जानेवारी २०२२ मध्ये सेलसुऱ्याजवळ पुलावरून गाडी कोसळून सावंगीचे सात वैद्यकीय विद्यार्थी गेले. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यात वर्धेचेही प्रवासी होते.

अशा मोठ्या अपघातानंतर सरकार मदत जाहीर करते. बसच्या अपघातात राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख आणि केंद्राने २ लाख रुपये जाहीर केले होते. ही झाली मदत. कायद्याने मिळणारी नुकसानभरपाई यापेक्षा वेगळी असते. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागावी लागते आणि साधारणपणे धडक देणाऱ्या गाडीची विमा कंपनी ती भरते. तुमच्या-आमच्या बांधावरच्या अपघाताला मंत्री येत नाहीत. म्हणून आपल्यासाठी ही दुसरी वाटच महत्त्वाची आहे.

येथे एक गैरसमज दूर करतो. "गाडीवाला गरीब आहे, त्याच्यावर कशाला केस करता?" असे गावात म्हणतात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार प्रत्येक गाडीला 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा आहे. थर्ड पार्टी म्हणजे त्या गाडीने ज्याचे नुकसान केले तो तिसरा माणूस, म्हणजे आपण. गाडीवाला दरवर्षी हप्ता भरतो तो याचसाठी. तुम्ही दावा केला नाही, तर गाडीवाल्याचे काही वाचत नाही, वाचते ते विमा कंपनीचे. गाडीचा विमा चालू आहे की नाही, हे गाडीच्या नंबरावरून एम-परिवहन ॲपवर पाहता येते. गावातल्या कोणत्याही पोराला सांगा, दोन मिनिटांत काढून देईल.

पहिला दिवस

सर्वांत आधी जखमी माणूस. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवा. "उचललं तर आपल्यावरच येते," ही भीती सोडा. जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम १३४-अ हे २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आहे. दवाखान्यात पोहोचवून तुम्ही निघून जाऊ शकता. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही.

केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातील जखमींसाठी रोकडविरहित उपचाराची योजना अधिसूचित केली. नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार तीत बसतो. म्हणून दवाखान्यात गेल्याबरोबर विचारा, "हा दवाखाना त्या योजनेत आहे का?"

डॉक्टरांना खरे सांगा. 'घरी पडलो' असे लिहू देऊ नका. पुष्कळ जण पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून दवाखान्यात खोटे कारण सांगतात. तोच केसपेपर पुढे कोर्टात विमा कंपनीचा वकील वाचून दाखवतो. अपघात कोणत्या गाडीने, कुठे, किती वाजता झाला, हे पहिल्याच केसपेपरवर आले पाहिजे.

जमल्यास गाड्या हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. दोन्ही गाड्या, नंबर प्लेट, रस्त्यावरच्या चाकांच्या खुणा, वळण, जवळचा दगड किंवा फलक, सर्व फोटोत यावे. पाहणाऱ्या दोघांची नावे आणि फोन नंबर लिहून घ्या. गाडीवाल्याला मारझोड करू नका आणि गाडी जाळू तर अजिबात नका. त्याने आपला दावा तर मोडतोच, वर आपल्याच पोरांवर गुन्हे दाखल होतात.

गाडी तुमच्याकडून ठोकली गेली असेल, तर पळू नका. कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणे, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जमावाची भीती वाटली तर सरळ पोलीस ठाण्यात जा. आपल्या गाडीचे नुकसान मागायचे असेल, तर कंपनीचा सर्वेअर पाहून जाईपर्यंत गाडी दुरुस्तीला टाकू नका.

पोलिसांचे कागद

एफआयआर म्हणजे भांडण नव्हे. अपघात झाला, याची ती सरकारी नोंद आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आहेत. कलमांचे आकडे बदलले, पण तक्रारदाराला एफआयआरची प्रत फुकट मिळण्याचा हक्क कायम आहे. अपघात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाला असेल, तरी जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते. पुढे ती त्या ठाण्याकडे वर्ग होते.

तक्रार देताना घाईने सही करू नका, वाचून घ्या. गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण आणि गाडी कोणत्या बाजूने कशी आली हे बरोबर लिहिले आहे ना, ते पाहा. नंबर माहीत नसेल तर अंदाजाने सांगू नका. चुकीचा नंबर हा नंबर नसण्यापेक्षा वाईट.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो. अपघातग्रस्ताला त्याचे हक्क सांगणारा छापील नमुनाही पोलिसांनीच द्यायचा असतो. हे कागद मागून घेण्यात काही वावगे नाही. "साहेब, आमच्या अपघाताचा प्रथम अहवाल गेला का?" एवढे नम्रपणे विचारावे.

एफआयआर उशिरा झाली म्हणून दावा बुडतो का? नाही. अपघातानंतर घरच्यांचे पहिले लक्ष जखमीकडे असते, ठाण्याकडे नव्हे, हे कोर्टही मानते. केवळ तक्रारीला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. पण उशीर का झाला ते सांगावे लागते आणि जितका उशीर, तितका संशय वाढतो.

दावा कुठे, किती दिवसांत?

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. आपल्यासाठी ते वर्धेच्या जिल्हा न्यायालयात आहे. अपघात नाशिकला झाला असला, तरी तुम्ही जिथे राहता त्या भागाच्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. मृताचे वारस, जखमी स्वतः किंवा ज्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तो दावा करू शकतो.

मुदत लक्षात ठेवा. दुरुस्त कायद्यानुसार १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा आहे. तेरवी, वर्षश्राद्ध, पेरणी अशा नादात सहा महिने कधी उलटतात ते कळत नाही. उलटलेच असतील तरी घरी बसू नका, वकिलाला भेटा, कारण या मुदतीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे.

आता एक सापळा. कलम १६४ प्रमाणे चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. चूक आपल्याच माणसाची असेल, साक्षीदार नसेल, तर हा मार्ग चांगला. पण ही रक्कम एकदा स्वीकारली, की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. म्हणून कंपनीचा माणूस घरी आला आणि "पाच लाख लगेच देतो, येथे सही करा," म्हणाला, तर आधी हिशेब करा.

हिशेब असा असतो. समजा, ३८ वर्षांचा कर्ता शेतकरी गेला. मागे बायको, दोन मुले आणि आई. त्याच्या श्रमाचे उत्पन्न महिन्याला १२,००० रुपये धरले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या घटनापीठाच्या निकालानुसार ४० वर्षांखालच्या, स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात. म्हणजे झाले १६,८००. अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा. राहिले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. वय ३६ ते ४० असेल तर २००९ च्या निकालातल्या तक्त्याप्रमाणे १५ ने गुणायचे. एकूण २२,६८,००० रुपये. अंत्यविधी वगैरेची रक्कम त्यावर वेगळी. चूक पूर्णपणे समोरच्या चालकाची ठरली तर हा आकडा. थोडी चूक आपलीही निघाली, तर त्या प्रमाणात कमी होतो. आता पाच लाखांवर सही करायची की नाही, ते तुम्हीच ठरवा.

जखमीच्या बाबतीत दवाखान्याचे प्रत्येक बिल, औषधाची चिठ्ठी, गाडीभाड्याची पावती ठेवा. अपंगत्वाचा दाखला घ्या. त्यावर ४० टक्के लिहिले म्हणजे नुकसान ४० टक्केच, असे नसते. त्या माणसाचा धंदा कोणता, त्या धंद्यात त्याची कमाई किती घटली, हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले आहे. टेबलावर बसून लिहिणाऱ्याचा एक पाय जाणे आणि डवरणी-फवारणी करणाऱ्याचा एक पाय जाणे, यात फरक आहे.

शेतकऱ्याच्या कमाईचा पुरावा

येथेच आपला माणूस मार खातो. नोकरदाराकडे पगारपत्रक असते, आपल्याकडे काय? शिवाय कंपनीचा वकील म्हणतो, "शेतकरी गेला, पण शेत तर जागेवरच आहे. मग नुकसान कसले?" शेत वारसांकडे राहते, त्यामुळे सगळे पीक-उत्पन्न बुडाले असे कोर्ट धरत नाही. पण शेत पाहणारा, राबणारा माणूस गेला आणि आता ते काम पैसे देऊन करून घ्यावे लागेल, हे नुकसान कोर्ट धरते. म्हणून दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, शेत तो स्वतः कसत होता. दोन, त्यातून काय येत होते.

त्यासाठी सातबारा आणि आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद, बाजार समितीच्या आणि जिनिंगच्या काटापट्ट्या, दूध डेअरीचे खातेपुस्तक, पीककर्जाचे खाते, खत-बियाण्यांची बिले हे सर्व कामी येते. कापूस खेड्यावरच्या व्यापाऱ्याला बिनपावतीने विकला तर दोन रुपये जास्त मिळतात, पण पुरावा राहत नाही. पावत्या चुलीत घालू नका, एका पिशवीत ठेवा.

घरातली बाई अपघातात गेली, तर "ती कमावत नव्हती" असे कोर्टापुढे चालत नाही. घरकामाला आणि गृहिणीच्या श्रमाला किंमत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी, २०२१ सालीही, सांगितले आहे. आपल्याकडे तर बाई निंदण, वेचणी, गोठा असे सगळेच करते. ते दाव्यात लिहा.

ठोकून पळाला तर?

रात्री ट्रकने उडवले आणि नंबर मिळालाच नाही, तरी हात रिकामे राहत नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेत अज्ञात वाहनाच्या धडकेने मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. यासाठी कोर्टात जावे लागत नाही. अपघात ज्या तालुक्यात झाला तेथील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज करायचा. मंजुरी जिल्हाधिकारी देतात. या योजनेची माहिती लोकांपर्यंत पोहोचत नाही, हे पाहून जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना ती अपघातग्रस्तांना देण्याचे निर्देश दिले.

आपलाच ट्रॅक्टर असेल तर

आतापर्यंत आपण घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले. आता देणाऱ्याच्या बाजूने पाहू, कारण गावोगावी ट्रॅक्टर आहेत.

ट्रॅक्टरची पॉलिसी बहुधा 'फक्त शेतीकामासाठी' असते. त्यावर भाड्याने विटा, रेती किंवा वऱ्हाडी नेले आणि अपघात झाला, तर कंपनी हात वर करते. कापूस वेचायला ट्रॉलीत पंचवीस बाया बसवून नेतो, त्यांचा विमा त्या पॉलिसीत साधारणपणे नसतो. ट्रॉलीत बसलेल्या मजुरांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या एका प्रकरणात म्हटले आहे. मग भरपाई कुणी द्यायची? मालकाने. न्यायाधिकरणाची रक्कम मालकाने भरली नाही, तर कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे विषय शेवटी आपल्या जमिनीवरच येतो.

म्हणून पॉलिसी काढून वाचा. ट्रॉलीचा उल्लेख आहे का? शेतीशिवाय दुसऱ्या वापराची मुभा आहे का? मजुरांसाठी जादा हप्ता भरला आहे का? मुदत कधी संपते? एजंटाला समोर बसवून विचारा. चालकाचा परवाना चालू आहे ना, तेही पाहा. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवता येते, असा निकाल घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. पण परवानाच नसलेल्या पोराच्या हाती स्टिअरिंग देणे म्हणजे सातबारा गहाण ठेवणे. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते, ते वेगळेच.

बैलबंडीला धडक

बैल हीसुद्धा मालमत्ता आहे. ट्रकने बंडीला धडक देऊन बैल मेले, तर त्यांची भरपाई त्याच न्यायाधिकरणाकडे मागता येते. बैल पुरण्याआधी पशुधन विकास अधिकाऱ्याला बोलावून शवविच्छेदन करून घ्या, पोलीस पंचनाम्यात बैलांचे वय आणि वर्णन लिहवून घ्या आणि बाजारातून घेतल्याची पावती जोडा. बंडीच्या मागे लाल रेडियमची पट्टी लावा. वीस-तीस रुपयांची पट्टी जीवही वाचवते आणि 'बंडी दिसलीच नाही' ही चालकाची सबबही खोडते.

रोही आडवा आला, स्वतःच पडलो

रानडुक्कर किंवा रोही आडवा आल्याने दुचाकी पडली, तर दावा कुणावर करणार? येथे आपले स्वतःचे विमे कामी येतात. गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का ते पाहा. त्यासाठी परवाना हवाच. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मिळते. वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला १ लाख. अपघातानंतर ३० दिवसांत बँकेत अर्ज द्यावा. कर्ता माणूस गेल्यावर त्याच्या पासबुकात २० रुपयांची कपात दिसते का, हे घरच्यांनी आधी पाहावे. मे महिन्याच्या शेवटी ती कपात होते. खात्यात तेवढे पैसे ठेवा.

आमच्या खात्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी ती विमा कंपनीमार्फत चाले, २०२३ पासून शासन स्वतः अनुदान देते. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि नाव नसलेला कुटुंबातला एक सदस्य, वय १० ते ७५. मृत्यू, दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा. रस्ते अपघात असेल तर पोलिसांचे कागद लागतातच. शासनाच्या दुसऱ्या विभागाच्या अपघात योजनेचा लाभ घेतला असल्यास अडचण येते, म्हणून अर्जापूर्वी विचारून घ्या.

स्वतःच्या पॉलिसीचा दावा कंपनीने नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. वर्धेला जिल्हा ग्राहक आयोगही आहे.

गावातल्या अधिकाऱ्यांना विनंती

पोलीस पाटलांनी अपघाताची खबर त्याच दिवशी ठाण्याला द्यावी. ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या तलाठ्यांनी, वारसाची नोंद अडवून ठेवू नये. ग्रामपंचायतीने मृत्यूचा दाखला वेळेत द्यावा. आणि आपण सर्वांनी, मीही त्यात आलो, समझोत्याच्या कागदावर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. जखम पूर्ण बरी झाली का? पोलिसांत नोंद झाली का? गाडीचा विमा आहे का? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत पेन खिशात ठेवावे.

मिटवूच नये, असे माझे म्हणणे नाही. मिटवायचे असेल तर लोकअदालतीत मिटवा. तेथे विमा कंपनी, गाडीवाला आणि आपण समोरासमोर बसतो, आकडा न्यायाधीशांसमोर ठरतो आणि त्याला कोर्टाच्या हुकुमाची किंमत असते. वकिलाची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर १५१००.

त्या कास्तकाराचे पुढे काय झाले? एप्रिलमध्येच मी त्या दोघांसोबत पोलीस ठाण्यात गेलो. उशीर का झाला ते खरे सांगितले. पहिल्या केसपेपरवर डॉक्टरांनी 'पिकअपची धडक' असे लिहून ठेवले होते, त्या एका ओळीने आधार दिला. सहा महिने पुरे व्हायला आठ दिवस असताना वर्धेला दावा दाखल झाला. पिकअपचा विमा चालू निघाला. तो कागद मात्र कंपनीच्या वकिलाने पुढे केला आहे आणि त्यावरची सही कुणाची, हे सांगायला मला साक्षीला जावे लागणार आहे. मी जाणार आहे. खरे तेच सांगणार आहे, की आम्ही कुणीही तेव्हा काही विचारले नव्हते.

आपण मात्र विचारा. आजच घरातली गाडीची पॉलिसी काढा आणि तारीख पाहा. परवाना, आरसी, पॉलिसी आणि पासबुकाच्या झेरॉक्स एका पिशवीत घालून घरच्या बाईला ती पिशवी दाखवून ठेवा. कारण अपघात झाल्यावर ती पिशवी शोधायची पाळी बहुधा तिच्यावरच येते.

(लेखक सेलू तालुक्यात कृषी विस्तार अधिकारी आहेत.)